आडवी रेघ यांची, उभी माझी

३ फेब्रुवारी, सोमवार

बोलायचं नाही. ठरलं!

नवी पाटी आली आज. जुनीवरचा रंग उडून 'लख्ख'चं नुसतं 'लख' झालं होतं. हे म्हणाले होते, "अशी करून आणतो की बघत राहशील." बघतच राहिले. पेंटर शिडीवर चढून पाटी ठोकत होता. निळी अक्षरं, पिवळी कड, एकेक अक्षर हातभर. 'लख्ख अँड सन्स'. खाली बारीक – गाड्या धुऊन व पुसून मिळतील.

मी म्हटलं, "सन्स कुठले?"

"अगं, वजन येतं नावाला."

"आपल्याला मुलगी आहे. एकच आहे. ती काय, तिथे पाइप गुंडाळतेय."

"पाटीवर मुली कोण लिहितं!" असं म्हणून हे हसले. पेंटरही हसला. छकी हसली नाही. पाइप गुंडाळत राहिली, पाहिजे त्यापेक्षा जास्त घट्ट.

'लख्ख' हे नाव माझं. एकोणीस वर्षांपूर्वी मी सुचवलं, तेव्हा शेडला पत्रेसुद्धा नव्हते. आता लख्खला मुलगे झाले आणि मलाच पत्ता नाही!

तोंड बंद ठेवलं तर बोलणं जातं कुठे? टायरवाल्यांनी फुकट दिलेली ही डायरी पडूनच होती. इथे जाऊ दे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर एक शब्द बोलले नाही. यांच्या लक्षातच आलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आलं लक्षात! सकाळी चहाचा कप समोर आपटला (बेतानेच आपटला, कप नवा आहे), तेव्हा विचारलं, "साखर घातलीस का?" मी छकीकडे बघून म्हटलं, "बाबांना सांग, घातली आहे." छकी म्हणाली, "बाबा, घातली आहे." हे माझ्यापासून हातभर लांब बसलेले. छकीला म्हणतात, "आईला सांग, मला ऐकू आलं."

म्हणजे तेही रुसले! यांना रुसायला काय झालं? मी रुसले हेच कारण. चोराच्या उलट्या बोंबा.

पण आमचा धंदा अबोल्याच्या सोयीचा नाही. बाहेरून काच हे पुसतात, आतून मी. माझी चण लहान, स्टिअरिंग आणि सीटच्या फटीत मी मावते. यांचं पोट मावत नाही. त्यामुळे एकाच काचेच्या दोन बाजूंना, वीतभर अंतरावर, तोंडासमोर तोंड! इतकी वर्षं काही वाटलं नव्हतं. आज डोळे कुठे ठेवावेत कळेना. शेवटी यांच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत पुसलं. तिसरं बटण नाहीच आहे. तिथून बनियन दिसतं.

सांगणार नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एक साहेब आले होते. पाहुण्यांना गाड्या पुरवणारी कंपनी आहे, चौदा गाड्या. बारीक अंगाचे, कडक इस्त्री, आणि खिशात पेन असतं तिथे टॉर्च! म्हणाले, "आमचे पाहुणे गाडी बघत नाहीत, गाडीतून बाहेर बघतात. काचेवर रेघ दिसली की लगेच तक्रार. तीन धुलाईवाले बदलले मी. सोमवारपासून रोज सहा गाड्या पाठवतो. चौदाही गाड्यांचं अठ्ठावीस तारखेला ठरवू."

हे म्हणाले, "साहेब, रेघ म्हणजे काय ते आमच्याकडे माहीतच नाही!"

मी गाडीत होते, काच वर होती, तरी ऐकू आलं. रेघ माहीत नाही म्हणे! ज्या फडक्याने दाराखालची चौकट पुसतात त्याच फडक्याने समोरच्या काचेवर हात मारतात. मी कितीदा पाहिलंय.

पण हे काम मिळायला हवं. पंपावर ते फिरत्या ब्रशांचं मशीन बसल्यापासून आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. परवा तर दुपारभर हे आपलीच बादली धूत बसले होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस, पहिली गाडी, पहिली रेघ.

साहेब टॉर्च सरळ धरतच नाहीत. तिरका धरतात, डोकं वाकडं करतात, आणि मग काचेवरचं सगळं पाप वर येतं. ड्रायव्हरच्या बरोबर नाकासमोर बोटभर धुरकट पट्टा. विचारलं, "आतून आहे की बाहेरून?"

हे छातीठोकपणे म्हणाले, "आतून."

मी खिडकी खाली केली. "छके, बाबांना सांग, बाहेरून."

साहेबांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग यांना हळू आवाजात – मला ऐकू येणार नाही अशा बेताने, पण आलंच – म्हणाले, "आतून पुसायला तुम्हाला दुसरं कोणी मिळत नाही का?"

मी वाट बघितली. आता हे सांगतील. अहो, ती माझी बायको, काचेचं सगळं तिनेच मला शिकवलं, असं काहीतरी.

हे खोकले. नुसते खोकले!

तेवढ्यात शेजारचा पंक्चरवाला ओरडला, "वहिनी, दुपारी जॅक परत करतो हो!" 'वहिनी' ऐकून साहेबांच्या डोक्यात उजेड पडला असावा. टॉर्च विझवला आणि निघून गेले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

छकीने तोडगा काढला. पाणी तपासायचं शिक्षण घेतलंय तिने, गेल्या वर्षी संपलं. नोकरीचे अर्ज करते आणि तोवर आमच्या हाताखाली राबते. तिला प्रत्येक गोष्टीचा नियम लागतो. शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलं – बाहेरून पुसताना हात आडवा, आतून पुसताना उभा. म्हणजे आडवी रेघ उरली तर ती बाबांची, उभी उरली तर आईची. पुढे वाद नाही.

इतकं सोपं! एकोणीस वर्षं सुचलं नाही आम्हाला.

मग तिने फडकी हुंगली. "बाबा, यांना वास कसला येतोय?" हे अभिमानाने म्हणाले, "गुलाबाचा! कपड्यांचं कंडिशनर घालतो मी धुताना." छकीने कपाळाला हात लावला. त्याचाच म्हणे तेलकट थर बसतो काचेवर. गिऱ्हाइकाला छान वाटावं म्हणून हे वर्षभर काचांना गुलाब चोळत होते!

पाण्याचंही सांगितलं. आमच्या नळाला क्षार फार, चहाच्या भांड्याच्या बुडाला बसतो तो पांढरा थर. शेवटचा हात त्या पाण्याचा नको. पंक्चरवाला बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात थोडं व्हिनेगर. फवारा काचेवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. आणि उन्हात काम नाही, पुसण्याआधीच वाळतं.

उन्हाचं मी यांना कधीपासून सांगतेय. पण मी सांगितलं की ते बोलणं, लेकीने सांगितलं की शास्त्र!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आडवी! आडवी! सहा गाड्या, दोन रेघा, दोन्ही आडव्या!

छकीने गंभीर चेहऱ्याने भिंतीवर नोंद केली. मी काही बोलले नाही. बोलतच नाही मुळी. पण कामात गुणगुणणं हा काही गुन्हा नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उभी. एकच. बाजूच्या खिडकीची वरची कड. काच दोन बोटं खाली घेतल्याशिवाय ती कड पुसलीच जात नाही, हे यांना शिकवणारी मी.

हे दिवसभर शीळ घालत होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

लाज वाटावी असं झालं, पण इथे लिहायला हरकत नाही.

छकी सकाळीच मैत्रिणीकडे गेली. शेड बंद. मी स्वयंपाक केला. जेवण तयार आहे हे यांना सांगायला घरात कोणी नाही! मी दोनदा भांडी वाजवली. हे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले. मी मोठ्याने म्हटलं, "भात निवतोय." कोणाला उद्देशून नाही, असंच. त्यांनी पान उलटलं. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. यांच्या पोटातला आवाज मला आत ऐकू येत होता. मी एकटी जेवले असते तर माझी हार. ते आपण होऊन ताटावर बसले असते तर त्यांची.

चार वाजता छकी आली. ओट्यावर झाकलेली तीन ताटं पाहिली. "जेवला नाहीत?" तिने ताटं गरम केली, दोघांना वाढली, आणि आम्ही जेवत असताना मध्ये उभी राहून दोघांकडे बघत होती. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज भलतंच! रेघ तिरकी!

कमानीसारखी, एका कोपऱ्यातून वर चढत गेलेली. आडवी नाही, उभी नाही. साहेबांनी टॉर्च सगळीकडून मारून पाहिला. "ही कोणाची?" कोणाचीच नाही.

हे म्हणाले, "छके, आईला विचार, आता ही नवी पद्धत का?"

मी म्हटलं, "बाबांना सांग, तिरकं वागायची रीत आमच्या माहेरी नाही."

"मी काय पोस्टमन आहे?" छकी म्हणाली. फडकं बादलीत टाकलं आणि घरात निघून गेली.

तिचं काय बिनसलंय?

१९ फेब्रुवारी, बुधवार

तिसरा दिवस तिरक्या रेघेचा. आता माझी खात्री, की हे मुद्दाम करतात. मला बोलतं करायला. मी सगळ्या गाड्यांवर पहारा ठेवला. दुपारी लक्षात आलं, हे माझ्यावर पहारा ठेवतायत! करड्या गाडीच्या या बाजूने मी वाकून बघते, तर त्या बाजूने हे.

पंक्चरवाला जॅक न्यायला आला. (परत आणून दिला होता, पुन्हा न्यायला आला.) आमच्याकडे बघत उभा राहिला, मग सहज गाडीचा वायपर उचलला आणि रबरावरून अंगठा फिरवला. अंगठा काळाकुट्ट.

"हे घ्या. डांबर चिकटलंय पात्याला. गाडी बाहेर काढताना छकी एकदा वायपर फिरवून बघते ना? तेव्हा उमटतंय."

वायपर! तीन दिवस आम्ही एकमेकांना फाशी देत होतो आणि गुन्हेगार काचेवर आडवा पडला होता, सगळ्यांदेखत!

पंक्चरवाला म्हणाला, "वहिनी, माणसं भांडतात ते बरं. भांडण संपतं तरी. तुमचं हे काय चाललंय?"

खरं तर दोघांनीही एकमेकांची माफी मागायला हवी होती. पण बोलत नसल्यामुळे राहून गेलं. अबोल्याची ही एक सोय आहे.

सहाही गाड्यांची पाती व्हिनेगरने पुसली. रेघ गेली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मोडला अबोला. कसा मोडला ते नीट लिहिते.

मी पांढऱ्या गाडीत होते, समोरच्या काचेला भिडून. बाहेरून हे. मध्ये तिसरं बटण, म्हणजे ते नाही ती जागा. शेडचा फोन माझ्या खिशात असतो, तो वाजला. कुणी बाई होत्या. दुसऱ्या शहरातून, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून. म्हणाल्या, "तुमच्या मुलीने आमची नोकरी नको म्हणून कळवलंय. तिचा फोन लागत नाही, अर्जावर हाही नंबर होता. मुलाखतीत ती सगळ्यांत पुढे होती हो, म्हणून म्हटलं, एकदा विचारावं. सोमवारी दुपारपर्यंत जागा थांबवते."

मला तर नोकरी मिळाल्याचंच माहीत नव्हतं! विचारलं, नको का म्हणाली?

"घरची अडचण, एवढंच लिहिलंय. सोमवारी रात्री आलं तिचं उत्तर."

घरची अडचण? कसली? कोणी आजारी नाही, कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही. मग रविवारची ती तीन ताटं आठवली आणि उमगलं. अडचण म्हणजे मी. आणि काचेपलीकडे आडवा हात फिरवणारा तो माणूस.

फोन ठेवला आणि डोळे भरून आले. तोंड फिरवावं तर कुठे फिरवणार? पुढे काच, मागे सीट. आणि काच अशी पुसलेली की काही लपेना. यांचा हात थांबला. ओठ हलले – काय झालं?

मी ओरडले, "छकीला नोकरी लागलीय!"

पाण्याचा पंप सुरू, काचा वर. यांनी कानाला हात लावला.

"नोकरी! नो-क-री!"

काय ऐकलं कोण जाणे, हे धावत गेले आणि बादली घेऊन आले.

मी काच खाली केली. "अहो, बादली काय आणता! छकीला नोकरी लागली आणि तिने नको म्हणून कळवलं. आपल्यामुळे!"

एकोणीस दिवसांनी यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. त्यात बादली!

यांनी पंप बंद केला. बादली पालथी घातली, तिच्यावर बसले. मी सगळं सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी साहेबांपुढे मी खोकलो. खोकायला नको होतं."

मी म्हटलं, "तिसरं बटण नाहीये तुमच्या शर्टाला."

"माहितीये. म्हटलं, तू कधी सांगतेस बघू."

२३ फेब्रुवारी, रविवार

दोघं मिळून छकीसमोर उभे राहिलो. आरोपीसारखे.

आधी तिने कानावर हात ठेवले, मग म्हणाली, "हो, नको कळवलं. मी गेले तर बाबांना ऐकू आलं हे आईला कोण सांगणार? गेल्या रविवारी चार वाजेपर्यंत उपाशी बसलात दोघं! मी तिकडे नळाचं पाणी तपासत बसायचं आणि इकडे तुम्ही भरल्या भांड्यांसमोर उपाशी?"

हे म्हणाले, "तसं नाही गं –"

"तसंच आहे बाबा. आणि खरं सांगू? पाटीवर मी नाही. निदान तुमच्या दोघांच्या मध्ये तरी होते."

हे शर्टाच्या बटणाशी चाळा करत होते. (शिवलंय काल.) शेवटी मी म्हटलं, "तू मधून बाजूला हो. आमचं आम्ही बघतो."

"आधी बोलून दाखवा."

"काय बोलू?" हे म्हणाले.

"माझ्याशी नाही! आईशी!"

हे माझ्याकडे वळले. घसा साफ केला. लग्न ठरवायला आले होते तेव्हा असे अवघडले होते. म्हणाले, "आज... हवा बरी आहे."

मी म्हटलं, "हो, बरी आहे."

छकी हसायला लागली आणि मग रडायला लागली, आणि मग तिला दोन्ही एकदमच येत होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नऊलाच प्रयोगशाळेत फोन केला. मी बोलतेय, हे मागून बोलतायत, छकी फोन ओढतेय. त्या बाई म्हणाल्या, "एकेक जण बोला, आणि शक्यतो जिला नोकरी दिलीय ती बोलू दे." जागा आहे! तीन मार्चला रुजू व्हायचं!

फोन झाला तर हे गायब. बाहेर येऊन बघते तो शिडीवर! काचेवरचे स्टिकर खरवडायचं पातं घेऊन 'सन्स' खरवडत होते. निळे पापुद्रे डोक्यावर, खांद्यावर. खाली न बघता ओरडले, "अँडपण काढू का?"

मला विचारलं. थेट मला!

उत्तर मात्र छकीने दिलं. "राहू दे बाबा. अँड म्हणजे पुढे अजून काहीतरी आहे."

तर आता पाटी आहे – 'लख्ख अँड'. दिवसभरात सहा जणांनी विचारलं, अँड काय? पंक्चरवाल्याने दोनदा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज अनर्थ. आडव्या तीन, उभ्या चार, आणि एका काचेवर तर माझ्या पाचही बोटांचा ठसा!

कारण सरळ आहे. एकोणीस दिवसांचं साठलेलं बोलणं. मी आतून सांगतेय की चुलतबहिणीचा फोन आला होता, हे बाहेरून विचारतायत कुठली, काय म्हणाली, कधी. काच वर असेल तर ओठ वाचायचे, त्यासाठी नाक काचेला लावायचं. नाकाचेही ठसे!

साहेबांचा टॉर्च थकला. विचारलं, "भांडण झालंय का तुमचं?"

हे म्हणाले, "नाही साहेब. मिटलं."

"मग कृपा करून शुक्रवारपर्यंत परत भांडा."

छकीने भिंतीवर नवा नियम लिहिला – काचेवर हात असेल तेव्हा तोंड बंद. बोलायचं असेल तर फडकं खाली ठेवून बोला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काय सांगू! काय सांगू!

चौदाच्या चौदा गाड्या रांगेने उभ्या. पहाटेपासून सावलीत पुसल्या, तोंडाला कुलूप. साहेबांनी टॉर्च मारत मारत तेरा गाड्या बघितल्या. आडवी नाही, उभी नाही, तिरकी नाही. चेहरा मात्र मख्ख. चौदावी काळी गाडी. म्हणाले, आत बसून बघतो. हातात आमच्याकडचा चहाचा कप तसाच. ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दार ओढलं. समोर बघितलं, मागे वळून बघितलं, बाजूला बघितलं. चहा संपत आला होता. खाली राहिलेला गाळ आणि घोट-दोन घोट त्यांनी खिडकीतून बाहेर फेकला.

खिडकी बंद होती.

सगळा चहा काचेवरून उलटा अंगावर! कडक इस्त्रीच्या शर्टावर, मांडीवर, टॉर्चवर. आम्ही तिघं बाहेर, दगडासारखे उभे. छकीने माझा हात इतका दाबला की अजून दुखतोय. हसायचं की पळायचं, कळेना.

आत साहेब हलले नाहीत. मग त्यांनी एक बोट पुढे केलं आणि काचेला हळूच लावून बघितलं. आहे का नाही ते.

दार उघडून बाहेर आले. हनुवटीवरून चहा ओघळत होता. म्हणाले, "उद्यापासून चौदाही गाड्या तुमच्याकडे." आणि दोन पावलं जाऊन वळले. "वहिनी, एक कोरडं फडकं मिळेल?"

दिलं. गुलाबाच्या वासाचं एक उरलं होतं.

२ मार्च, रविवार

छकी गेली.

बसस्टँडवर यांनी तिला सतरा सूचना दिल्या, सगळ्या बॅगेबद्दल. मी डबा दिला. ती खिडकीशी बसली, पण बसची काच! कधीकाळी काच असावी असं वाटेल एवढीच. मातीचा थर, त्यावर पाण्याचे ओघळ, त्यावर परत माती. तिचा चेहरा म्हणजे नुसता एक फिका डाग.

हे म्हणाले, "हे काय!" खिशातून रुमाल काढला, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि चाकावर पाय देऊन चढले. कंडक्टर ओरडतोय, "अहो काका, उतरा खाली!" हे ऐकतायत कुठे. आडवा हात, आडवा हात, आडवा. मातीतून आधी तिचं कपाळ निघालं, मग डोळे. आतून तिने ओढणीचं टोक धरलं होतं आणि पुसत होती. उभं.

बस सुरू झाली तेव्हा हे उडी मारून उतरले. काचेत ओंजळीएवढी जागा स्वच्छ झाली होती. वळणापर्यंत ती मला स्पष्ट दिसत होती.

४ मार्च, मंगळवार

आम्ही दोघं दिवसभर बोलतो. तरी घर शांत आहे.

७ मार्च, शुक्रवार

माझा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, गाडीत वाकून, पाय मुडपून बसणं महिनाभर बंद. उभ्याने काम करा.

म्हणजे आतून काच कोण पुसणार?

यांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

१० मार्च, सोमवार

आज हे आत, मी बाहेर. उभा हात मारायला पुढे झुकले की पोटाने हॉर्न दाबला जातो. दर दोन मिनिटांना गल्ली दचकते.

अकराच्या सुमारास लाल गाडीचे एक नवे गृहस्थ आले. सवयीने सरळ आतल्या पुरुषाकडे गेले, खिडकीत वाकून विचारलं, "मालक तुम्हीच का?"

हॉर्न वाजला. मग काचेपलीकडून बोट माझ्याकडे झालं.

"त्या. मी त्यांच्याकडे कामाला आहे."